पिशवी पुढे गेली

देवव्रत अडीच वर्षांचा आहे आणि त्याला मारतहळ्ळीहून येलहंक्याला, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बसनं एकटीनं न्यायचं, एवढीच माझी परीक्षा होती. सोबत त्याच्या कपड्यांची पिशवी. पास झाले तर पिशवी आणि देवव्रत दोन्ही माझ्याबरोबर परत. नापास झाले तर दोन्ही संध्याकाळच्या बेळगावच्या गाडीनं आत्यांबरोबर गावाला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या येलहंक्यात बहिणीकडे आल्या होत्या आणि फोनवर अगदी मायेनं म्हणाल्या होत्या, "अश्लेषा, तुला झेपत न्हाई तर मी नेतो की. शाळेत घालेपर्यंत राहूदे माझ्याकडं."

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. गेल्या महिन्यात ह्याच बसमध्ये देवव्रतनं असा सूर लावला की एका गृहस्थांनी विचारलं, "ही आई आहे की पळवून नेतेय?" मी मधेच उतरले आणि माझा नवरा दयानंद न्यायला येईपर्यंत एका गाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. दुकानदार मधून मधून येऊन विचारायचा, सिंगल की डबल. त्यानंतर देवव्रतला घेऊन मी लिफ्टनं खालीसुद्धा गेले नव्हते. बाहेर तो रडला की माझे हात गार पडतात आणि मला कुठूनही उतरावंसं वाटतं. घरातूनसुद्धा.

निघताना दयानंद म्हणाला, "अगं, लोक चांगले असतात."

नवरा ह्या सुरात बोलला की बायकोनं संशय घ्यावा. मी घेतला नाही.

बसस्टॉपवर गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेला एक माणूस माझ्याकडे सरळ चालत आला आणि म्हणाला, "मॅडम, आप बहुत अच्छे से सँभाल रही हैं."

देवव्रत झोपला होता. माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलं असतं तरी मी एवढंच चांगलं सांभाळलं असतं. पण माझे डोळे भरून आले. महिनाभर आरशातल्या बाईनंही मला असं काही म्हटलं नव्हतं. मी बसमध्ये चढले ती जवळजवळ ताठ मानेनं.

बस रिंगरोडला लागली आणि मागच्या सीटवरचा एक मुलगा पुढे वाकला. घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, असे प्रसंग प्रत्येक आईवर येतात. धीर सोडू नका."

प्रसंग अजून झोपलेलाच होता.

आणि वहिनी? ह्या शहरात अनोळखी बाई अक्का असते, मॅडम असते, फार तर अम्मा असते. वहिनी म्हणायला आधी दादा माहीत असावा लागतो.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"प्रणीत."

"दयानंदच्या ऑफिसात?"

"हो. म्हणजे, नाही."

"आणि स्टॉपवरचा तो?"

"तो टेस्टिंगमधला," प्रणीत म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्याची खिडकी बंद होती.

मी दयानंदला फोन लावला. "तुझा प्रणीत माझ्या मागे बसलाय."

"कोण प्रणीत?" एक खोकला. मग, "हे बघ, मी दोनच ठेवलेत. बाकीचे सगळे खरे असतील."

"बाकीचं कुणी काही बोललंच नाही, दयानंद."

मी फोन ठेवला. महिन्याभरात मिळालेली एकमेव शाबासकी माझ्याच नवऱ्यानं टाइप करून पाठवलेली होती. म्हणजे त्यालाही खात्री होती, फुकटात कुणी म्हणणार नाही.

तेवढ्यात देवव्रत उठला. बिस्कीट मागितलं. मी प्रणीतला म्हटलं, "आलाच आहेस तर ही धर," आणि पिशवी त्याच्या मांडीवर टाकून बिस्कीट काढलं. देताना त्याचे दोन तुकडे झाले.

"जोड," देवव्रत म्हणाला.

बिस्कीट जुळत नाही. पंधरा सेकंदांत ही बातमी अख्ख्या बसला कळली. तो ताठ झाला, लाल झाला, चप्पल कुणाच्या तरी डब्यावर पडली. माना वळल्या. मागून प्रणीत घाईघाईनं म्हणाला, "वहिनी, असे प्रसंग प्रत्येक आईवर..."

"गप्प बस रे!"

माझे हात गार पडले होते. हेब्बाळ येत होतं. मी त्याला उचललं आणि उठले.

पुढच्या सीटवरचे पांढऱ्या मिशांचे एक आजोबा वळून कन्नडमध्ये म्हणाले, "अळली बिडम्मा. रडू दे त्याला. कुठं निघालीस?"

"तुम्हाला पण त्यानंच पाठवलं ना?" मी ओरडलेच.

"मला?" आजोबांना खरंच नवल वाटलं. "मला घरातले कोथिंबीर आणायलासुद्धा पाठवत नाहीत. मी पालक आणतो. उतरायचं कुठं तुला?"

"येलहंका."

"मग हे हेब्बाळ आहे."

"लोकांना त्रास होतोय."

"होतोय की. माझं डोकं उठलंय. बसमध्ये सगळेच त्रास देतात. मी आता घोरणार आहे, बघच तू." त्यांनी रुमाल तोंडावर घेतला आणि खरोखर घोरायला लागले. असलं घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. डिझेल इंजिन अडकल्यासारखं.

मी बसले. हा माणूस दयानंदनं पाठवलेला असणं शक्य नव्हतं.

देवव्रत थांबला नाही. मी पण थोडी रडून घेतली. एक बाई माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत होती. करू दे. हेब्बाळ गेलं.

येलहंक्याला आत्या स्टॉपवरच उभ्या होत्या. देवव्रत हुंदके देत होता, नाक वाहत होतं, पायात एकच चप्पल. मी त्याला कडेवर घेऊन उतरले. पिशवी प्रणीतच्या मांडीवर होती. तो खिडकीतून ती उचलून दाखवत होता, "वहिनी! वहिनी!" मी ऐकत होते. वळले नाही. बस देवनहळ्ळीकडे निघून गेली.

"रडतोय की हा," आत्या म्हणाल्या.

"हो. हेब्बाळच्याही आधीपासून."

"आणि तू?"

"मी पण."

त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "ह्याची कापडं कुठायत?"

"पुढे गेली."

आत्यांनी बस गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. मग पदरानं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "परत बी बसनंच जाणार?"

"हो," मी म्हटलं. माझे हात अजून गारच होते.