सांगायला आलेली मुलगी

शाळेत समुपदेशक ठेवायचा, असा वरून हुकूम आला तेव्हा शाळेकडे खोली नव्हती. मग खेळाच्या सामानाची खोली रिकामी केली आणि तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाई आणून ठेवल्या. रबरी चेंडूंचा वास तेवढा शेवटपर्यंत गेला नाही. पहिलं वर्षभर त्या खोलीकडे कोणी फिरकलं नाही, कारण दार नेमकं जिन्यासमोर. आत पाऊल टाकलं की मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर बोभाटा. "ही गेली म्हणजे हिचं काहीतरी आहे." काहीतरी म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी दोन मुलं गच्चीच्या जिन्यात नशेच्या गोळ्यांसकट सापडली होती आणि दाखले घेऊन गेली होती.

बाईंनी यावर डोकं लढवलं. नववी-दहावीच्या प्रत्येकाला हजेरीच्या क्रमाने बोलवायचं, पाच-पाच मिनिटं. झोप लागते का, जेवण जातं का, काही सांगायचंय का? नसेल तर पळ. हुशार, ढ, साळसूद, उनाड, सगळे एकाच बाकावर रांगेत. सगळ्यांनाच बोलावलं की कोणालाच बोलावल्यासारखं होत नाही, आणि ज्याला खरंच बोलायचं असतं तो त्या गर्दीत लपून येतो. ज्याचं काही निघे त्यालाही बाई पाच मिनिटांतच उठवत आणि पुढचं शाळा सुटल्यावर, मागच्या दाराने. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं 'पाचमिनिट बाई'. नावं ठेवण्यात मुलं कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी याला जोडून एक नियम केला आणि प्रार्थनेच्या वेळी खणखणीत आवाजात सांगून टाकला. "आपणहून येऊन सांगाल, तर शाळा तुमच्या पाठीशी. सापडाल, तर दाखला." नियम कडक होता पण त्यात वाट ठेवलेली होती, आणि ती वाट पाचमिनिट बाईंच्या खोलीतून जात होती.

या बाईंच्या घरी त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं, हे मात्र शाळेत कोणाला माहीत नव्हतं. एक थोरली बहीण होती. दोघींनीही लग्न केलं नाही. एक स्वयंपाकघरातून आणि दुसरी न्हाणीघरातून, अशा दोघींनी उभा जन्म वाद घालत काढला. ताई गेली आणि घराची वाचाच बसली. संध्याकाळी कुलूप काढलं की बाई आधी टीव्ही लावत. टीव्हीतल्या माणसांना मध्येच उत्तरं देत, मग स्वतःचीच लाज वाटून बंद करत. एकट्यापुरतं काय रांधायचं म्हणून कधी कधी तशाच झोपत. दिवसभर दुसऱ्यांची ऐकायची आणि आपलं ऐकायला एक माणूस नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे. पण ते सांगणार कोणाला?

अशात एके दिवशी भिंतीचा नंबर लागला. भिंत म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, दहावीतली. अंगाने दांडगी, बोलायला कंजूष. चेंडू तिच्या पुढे जात नसे म्हणून हे नाव. मागच्या मोसमात तिचा खांदा दुखावला होता, तेवढं बाईंना माहीत होतं. ती येऊन बसली आणि खेळाची बॅग मांडीवर घट्ट धरून राहिली.

"झोप लागते का?"

"नाही."

"का गं?"

भिंत गप्प. अशा गप्प बसण्याला हात लावायचा नसतो, थोडं थांबलं की ते आपणच बोलायला लागतं. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, नव्या शिक्षकांना त्या हेच शिकवायच्या. त्या थांबल्या. मग भिंत म्हणाली, "बाई, तुम्ही घरी एकट्याच असता का?"

मुलं आधी असंच भलतं काहीतरी विचारतात. पाण्यात उतरण्याआधी काठी घालून खोली बघावी, तसं. दोन शब्दांत उत्तर द्यायचं आणि पुन्हा गप्प बसायचं. हेही बाईंना ठाऊक होतं. पण हा प्रश्न त्यांना इतक्या महिन्यांत कोणी विचारलाच नव्हता.

"हो गं, आता एकटीच," त्या म्हणाल्या, आणि मग थांबताच येईना. ताईचं आजारपण, ताईच्या चपला अजून दारातच कशा आहेत, दुधाची एक पिशवी कशी संपता संपत नाही, रात्री कधी कधी न जेवता तसंच कसं झोपायचं. भिंत खाली मान घालून ऐकत होती. योग्य जागी हं म्हणत होती. बाईंचा आवाज बसला तेव्हा तिने उठून पाण्याचा पेला पुढे केला. असं ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं. घंटा झाली तेव्हा बाई दचकल्या.

"अगं बाई! तुझं राहिलंच की."

"असू दे बाई. नंतर सांगते."

बाहेर बाकावर रांगेत बसलेल्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या संध्याकाळी त्या हलक्या होऊन घरी गेल्या, पोटभर जेवल्या आणि त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी बोलावणं पाठवलं. टेबलावर गोळ्यांचं एक पाकीट होतं, निम्मं रिकामं. समोर भिंत, आणि शेजारी तिची आई. ती धुलाईच्या कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आली होती. खेळाचे सर कोपऱ्यात उभे होते, तोंड उतरलेलं.

"मुली म्हणत होत्या, भिंत पाऊण तास आत होती," सर म्हणाले. "पाच मिनिटांच्या जागी पाऊण तास, म्हणजे काहीतरी असणारच. म्हणून काल सरावाआधी बॅग बघितली. हातमोज्यात निघालं."

खांदा दुखायचा तेव्हा डॉक्टरांनी ही गोळी दिली होती. पुढे दुखणं गेलं, गोळी राहिली. डॉक्टरांनी बंद केली तेव्हा मैदानाबाहेरचं कोणीतरी आणून देऊ लागलं. आई हे सगळं आत्ता पहिल्यांदा ऐकत होती आणि पदराने नुसतं तोंड पुसत होती. ज्या पाच मिनिटांच्या आड बाईंनी सगळी मुलं लपवली होती, ती त्यांनीच मोडली होती, आणि तीही आपलं दुखणं सांगण्यासाठी.

"मला एकच विचारायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकी सगळं हिने कबूल केलं, पण यावर ही बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. काल हिने तुम्हाला आपणहून सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ही शाळेत राहील. नसेल तर दाखला. पोटच्या पोरीसाठीसुद्धा मी नियम बदलणार नाही."

भिंत जमिनीकडे बघत होती.

"सांगितलं," बाई म्हणाल्या.

भिंतीने मान वर केली.

"मग मला कसं कळवलं नाहीत?"

"आधी दवाखान्यात विचारून मग तुमच्याकडे येणार होते." एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच.

मोठ्या बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. शेवटी त्यांनी गोळ्यांचं पाकीट लिफाफ्यात घालून सरांकडे दिलं. ठरलं ते असं: दवाखान्यात उपचार, दोन सामने बाहेर, आणि दर आठवड्याला पाचमिनिट बाईंकडे बसायचं. निघताना आईने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही ऐकून घेतलंत म्हणून माझी पोर वाचली," ती म्हणाली. एखाद्याने मुस्काटात मारली असती तरी बाईंना एवढं लागलं नसतं.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर भिंत मागच्या दाराने आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण हात स्थिर होते. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"बाई, मी सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"सांगायलाच आले होते पण. ते पाकीट तुम्हाला द्यायला आणलं होतं. म्हणून बॅगेत होतं. नाहीतर मी शाळेत कधीच आणत नाही."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो." भिंत खुर्चीत चुळबुळली. "एक विचारू? रागावणार नाही ना? दवाखान्यात पण एक बाई आहेत, बोलायला. मी इथे न येता त्यांच्याकडे गेले तर चालेल?"

"का गं?"

"इथे बसलं की मला तुमचीच काळजी लागते. आजसुद्धा येताना मनात हेच, काल तुम्ही जेवलात का, की तशाच झोपलात. मग माझं सांगणं होतच नाही. मला माझं सांगायचंय, बाई."

बाईंना पुष्कळ सांगायचं होतं. की त्या दिवसानंतर त्या कोणाशीच बोलल्या नाहीत. की इतक्या दिवसांत घरचं विचारणारी ती एकटीच. सगळं अगदी तोंडाशी आलं होतं, आणि ही पोर पुन्हा मान खाली घालून ऐकत बसली असती. त्यांनी ते गिळलं आणि फोन उचलला. दवाखान्यातल्या बाईंशी बोलल्या, वार ठरवला, वेळ ठरवली. मोठ्या बाईंची परवानगी मी काढते म्हणाल्या. चिठ्ठी लिहून भिंतीच्या हातात दिली.

"झालं. आता त्यांच्याकडेच जायचं."

भिंतीने चिठ्ठी खिशात घातली. दारापर्यंत गेली, तिथे घुटमळली, आणि वळून म्हणाली, "पण तुम्ही जेवत जा, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यावरच थांबल्या.