पाचवी शेड

"आणि शुक्रवारी?" डॉक्टर अपूर्वांनी विचारलं.

"शुक्रवारी घरीच हुतो, मॅडम," ज्ञानदेव म्हणाला. पशुसंवर्धनाच्या त्या कार्यालयात पंखा फिरत होता, तरी त्याच्या मानेला घाम फुटला.

ज्ञानदेव कोंबड्यांच्या चोची कापायचा. सकाळी ऑम्लेट खाऊन कचेरीत जाणाऱ्यांनी नाक मुरडू नये. अंड्यांच्या कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात, म्हणून तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, चोचीचं टोक तापल्या पात्यावर कापावं लागतं. सव्वीस वर्षं तो विश्रांतवाडीहून स्कूटरला मशीन बांधून शेडोशेडी फिरत होता. हात इतका हलका, की मालक आधी त्याची तारीख घेत आणि मग पिल्लं आणत.

आता लोणी काळभोरच्या पुढे दोन शेडमध्ये बर्ड फ्लू निघाला होता. दोन्हीकडे तो आठवड्याभरापूर्वी जाऊन आला होता. डॉक्टरांना त्याच्या गेल्या एकवीस दिवसांतल्या सगळ्या शेड हव्या होत्या. त्याने चार सांगितल्या. पाचवी, शुक्रवारची, त्याच्या थोरल्या बहिणीची, वेणूबाईची होती.

"बूट धुतो मी. पातं तर लालभडक असतंय. त्यावर काय जगणार?"

"आणि बसता कशावर?"

बसायला पाट होता आणि पाटावर हिराने, त्याच्या बायकोने, शिवून दिलेली गादी. ती एका शेडच्या भुशात टेकायची, स्कूटरवर चढायची आणि दुसऱ्या शेडच्या भुशात उतरायची. एवढ्या वर्षांत ती धुवावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"हा विषाणू एका जागी राहत नाही, एकसारखाही राहत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रानबदकांतून कोंबड्यांत येतो. एकाच पाखरात दोन जातींचे विषाणू शिरले, तर एकमेकांचे तुकडे घेऊन तिसराच तयार होतो. जितकी पाखरं, तितकी त्याला संधी. म्हणून एकही शेड सुटायला नको. सुटली आहे का?"

"न्हाई."

"आठवून बघा. मी सहापर्यंत आहे. नंतर आठवण करून द्यायला कोंबड्या मरतीलच."

बाहेर येऊन त्याने चहा मागवला आणि अर्धा टाकून उठला. स्कूटर काढली, दोन चौक गेला, परत त्याच टपरीशी आला. नाव सांगितलं तर तपासणी होणार, आणि तपासणीत निघालं तर आक्काच्या बाराशे तलंगा खड्ड्यात जाणार. दाजी गेल्यावर वेणूबाईने ती शेड एकटीने उभी केली होती. पिल्लं होती तेव्हा ऊब कमी पडेल म्हणून ती त्यांच्याशेजारी पथारी टाकून झोपायची. पुढच्या महिन्यात पहिलं अंडं येणार होतं. पाखरं धडधाकट आहेत, मग उगाच कशाला, असं त्याने स्वतःला चारदा बजावलं. चौथ्यांदाही पटलं नाही. शेवटी फोन लावला.

"आक्का, पाखरं कशी हायत?"

"बरी हायत की. दोन तेवढी कालपास्नं गप हायत, मान टाकून बसल्यात. ती उद्या चंद्रभागाला देते. तिची सोनू बाळंतपणाला आलीय न्हवं? आठ दिवसांची बाळंतीण. तिला रस्सा हुईल."

मरायला टेकलेली कोंबडी वाया घालवायची नाही, शेजारच्या बाळंतिणीला द्यायची, ही तिकडची रीतच. आक्काने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"देऊ नगंस. हात लावू नगंस त्यांना. चंद्रभागालाबी शेडकडं येऊ देऊ नगं."

"आरं पण का?"

"मी सांगतो म्हणून."

सहाला दहा कमी असताना तो पुन्हा डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा होता. "शुक्रवारी घरी न्हवतो, मॅडम," तो म्हणाला आणि बहिणीचं नाव, गाव, पाखरांची संख्या एका दमात सांगून टाकली. त्यांनी लिहून घेतलं. पहिल्यांदा का गाळलं, हे विचारलं नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

पाचव्या दिवशी अहवाल आला; आक्काच्या शेडमध्येही बर्ड फ्लूच निघाला. सहाव्या दिवशी सकाळी पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडपाशी आली. फाटकाला दोरी बांधली होती. पाखरं धरायला मी येतो, माझ्या हाताला सवय आहे, असं ज्ञानदेव म्हणाला. डॉक्टर अपूर्वांनी नकारार्थी मान हलवली. त्याला दोरीच्या आत जायची परवानगी नव्हती.

वेणूबाई आतून दोरीपाशी आली.

"तूच सांगितलंस?"

"हां. पयल्यांदा न्हाई सांगितलं. तुझं नाव गाळलं मी."

"गाळायचं न्हवतं," ती म्हणाली. "सोनूचं पोर नुसतं मुठीएवढं हाय."

मग ती डॉक्टरांकडे वळली. "बाई, आठला त्यांची खायची येळ असती. उपाशी न्हेऊ नगा."

काही उपयोग नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि माणसांना थांबायला सांगितलं. वेणूबाईने तोंडाला मास्क लावला, खाद्याची बादली उचलली आणि आत गेली. रोज लागायचा तेवढाच वेळ तिने लावला. बाहेर दहा माणसं हातमोजे घालून उभी होती आणि आत उरलेल्या हजारावर चोची पत्र्याच्या भांड्यांवर टकटकत होत्या.