चाकांची दुसरी जोडी

कल्याणहून आगगाडी घाट चढून जायला लागली त्याला वीसेक वर्षं झाली होती. पण दिव्याच्या खाडीकाठचं मीठ कल्याणच्या बाजारात अजून बैलगाडीनंच जाई. त्या गाड्यांत एक गाडी पंढरीची होती आणि ती त्याची बायको तुळसा हाकत असे.

दोन वर्षांपूर्वी भरल्या गाडीचं चाक पंढरीच्या पावलावरून गेलं. तेव्हापासून त्याला काठीशिवाय उभं राहता येईना. त्याचा थोरला भाऊ गोविंदा मिठागराचा मुकादम. कोणती गाडी कधी भरायची हे तोच ठरवी. "गारी माज्याकडं दे," तो तुळसाला म्हणाला होता, "मी माजा मानूस बसवतो. घरच्या बाईनं कासरा धरनं बरं दिसत नाय." तुळसानं गाडी दिली नाही आणि कासराही सोडला नाही.

गोविंदानं मग भांडण केलं नाही. त्याला गरजच नव्हती. उन्हाळा तापला की चाकाचं लाकूड सुकून आकसतं आणि त्यावरची लोखंडी धाव सैल पडते. ती लोहाराकडे नेऊन उतरवायची, कापून जोडून लहान करायची आणि तापवून पुन्हा चढवायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग तीच आवळ धाव आऱ्यांना वाकवते. तेव्हा पुन्हा उतरवायची, वाढवायची, चढवायची. गावात लोहार एकच, दगडू. मिठागराच्या साऱ्या गाड्या त्याच्याकडे, म्हणून त्याच्या दारातली रांगही गोविंदाच लावी. मागच्या वैशाखात तुळसाची गाडी अठरा दिवस बिनचाकाची ओंडक्यांवर उभी राहिली. चाकं हातात आली तोवर बाकीच्या गाड्यांनी सारं मीठ बाजारात नेलं होतं.

या वर्षी माघातच तिनं ठरवलं.

"यंदा दादाशी जरा गोड बोलू," पंढरी म्हणाला. "हाय तीच धाव वेळेवर चढवून घेऊ."

"गेल्या वर्षी गोडच बोलली मी," तुळसा म्हणाली. "अठरा दिस."



ती कल्याणला सहदेव सुताराकडे गेली. "मना चाकांची दुसरी जोडी पायजे. एक उन्हाळ्याची, एक पावसाळ्याची. आज हायत ती पावसाळ्यात लावीन."

सहदेव हातातला वाकस खाली ठेवून हसला. "अगं, दोन-दोन जोड्या सावकार लोक ठेवतात, तेही बग्गीला. तुझी खटारा गाडी. धाव उतरवून चढवली की काम भागतं. सगळे तसंच करतात."

"सगळ्यांना रांगेत जागा हाय. मना नाय."

सहदेवानं तिच्याकडे नीट पाहिलं. "लाकूड कुठलं आणशील? उन्हाळी चाकाला हाडासारखं सुकलेलं लागतं. ओलं लाकूड वापरलं तर पुन्हा तेच रडगाणं."

"बाभूळ हाय. बांधावरची. दोन पावसाळे पडवीत पडून हाय."

सहदेव स्वतः गावात येऊन लाकूड पाहून गेला. नखानं खरवडलं, ठोकून आवाज ऐकला आणि मग मापं घेतली. फाल्गुनात चाकं तयार झाली. म्हशीचं रेडकू विकून तुळसानं लोखंडाची पट्टी आणली. राहिलं होतं ते धाव चढवणं.

गोविंदा दगडूकडे आधीच जाऊन आला होता. तुळसा पोचली तेव्हा दगडू भात्याशी मान खाली घालून बसलेला.

"तुजी धाव मी चढवली तर मिठागराच्या गाऱ्या डोंबिवलीच्या लोहाराकडं जातील," तो म्हणाला. "मुकादम तसं बोलून गेलाय. मना पोरंबाळं हायत, तुळसा."

त्याची बायको सगुणा कोळसे फोडत होती. वीस वर्षं त्या भट्टीवर घणाचे निम्मे घाव तिचेच पडत. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दगडूनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो उठला, धोतर झटकलं आणि भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला, "मी उद्या कल्यानला जातंय. दिवसभर नाय मी."

तो आत गेल्यावर सगुणा म्हणाली, "सकाळी ये. गोवऱ्या आन. आनि हाताला चटका बसला तर रडनार नाय अशा तीन बाया आन."

दुसऱ्या दिवशी तुळसा मिठागरावरच्या तिघींना घेऊन आली. त्यांत शकू होती, मिठाची पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर बांधावरून धावणारी. सगुणानं दोरीनं चाकाचा घेर मोजला, पट्टी त्याहून दोन बोटं कमी धरली. तुळसानं भाता ओढला. पट्टीची टोकं पांढरी झाली तशी सगुणानं घण उचलला. ठिणग्या तिच्या लुगड्यावर पडत होत्या, ती मधूनमधून हातानं झाडून टाकत होती. दुपारपर्यंत दोन कडी जुळली.

मग लोहाराच्या दारासमोर, भर रस्त्यात, त्यांनी गोवऱ्यांचं रिंगण रचलं आणि आग लावली. धूर गावभर गेला. माणसं जमली. पंढरीही काठी टेकत आला आणि पाण्याच्या घागरींपाशी उभा राहिला.

पहिली धाव लालभडक झाली. चौघींनी लांब सांडश्यांनी चार बाजूंनी धरून ती उचलली, आणि त्याच वेळी गर्दीतून गोविंदा पुढे आला. तो थेट चाकाच्या आणि बायांच्या मधे उभा राहिला.

"कुनाला विचारून चाललंय ह्ये?" तो ओरडला. "तुळसे, ठेव खाली!"

शकूनं सांडशीवरची पकड घट्ट केली.

"दादा, बाजूला व्हा," तुळसा म्हणाली. "मी थांबनार नाय."

तिनं पाऊल टाकलं. तिच्याबरोबर बाकी तिघींनीही टाकलं. गोविंदाच्या चेहऱ्यावर धग आली, त्यानं हात आडवा धरला, आणि मग तो मागे सरला. इतक्या घाईनं की त्याचा पाय राखेत पडला.

धाव चाकावर बसली. लाकडातून धूर निघाला. सगुणा घणानं गोल फिरत ठोकू लागली. "पानी!" ती ओरडली, तशी पंढरीनं घागर ओतली. वाफ उसळली, लोखंड आवळलं आणि आरे एकामागून एक कडकड करत आपापल्या घरात घट्ट बसले. दुसरं चाकही तसंच झालं. गोविंदा तोवर निघून गेला होता.

दगडू त्या दिवशी गावातच नव्हता, म्हणून गोविंदाला त्याच्याकडच्या गाड्या काढून नेता आल्या नाहीत. पण त्यानं महिनाभर तुळसाची गाडी भरू दिली नाही. ती कल्याणहून डोंबिवलीकडे कौलं वाहत राहिली. वैशाखात ऊन असं पेटलं की मिठागराच्या सात गाड्यांच्या धावा एकाच आठवड्यात सैल पडल्या. दगडूच्या दारात रांग लागली, मिठाचे ढीग उघड्यावर राहिले. मिठागराचा मालक ठाण्याहून आला आणि त्यानं मुकादमाला सगळ्यांसमोर विचारलं, "चालती गाडी एकही नाही का या गावात?"

"एक हाय," शकू पाटी खाली न ठेवताच म्हणाली.

त्या दिवसापासून तुळसाची गाडी रोज भरली.

चार दिवसांनी गोविंदा तिच्या अंगणात आला. त्याची स्वतःची गाडीही रांगेत अडकली होती. पडवीत भिंतीला टेकवलेल्या जुन्या जोडीकडे त्यानं बोट दाखवलं.

"ती चाकं माज्या गारीला लावतो. नुसती पडून हायत."

"नाय," तुळसा म्हणाली. "ह्या उन्हात त्यांची धाव वाटेत निघंल. आनि तशी नसती तरी दिली नसती."

"मी थोरला हाय ह्या घरातला."

"म्हनून तर तुमाला बसायला घोंगडी टाकली. चाकं माजी हायत."

गोविंदानं भावाकडे पाहिलं. पंढरी बैलांना पेंढा घालत होता.

"तिला विचार," पंढरी म्हणाला. "गारी ती हाकते."

गोविंदा घोंगडीवर न बसताच गेला. त्यानंतर सणासुदीला त्या घरातून या घरात ताट आलं नाही, आणि पंढरीला ते लागलं. तुळसालाही लागलं.

मृगाच्या आधी दोन दिवस तिनं उन्हाळी चाकं काढली, तेल चोळून आढ्याला टांगली आणि जुनी चढवली. सगुणा मदतीला आली होती. दगडूही आला. त्यानं आखाला वंगण घातलं, खिळी ठोकली आणि चाक हातानं फिरवून पाहिलं.

"बरं फिरतंय," तो म्हणाला.

तुळसानं बैल जुंपले.