ओल्या अंगाचं गिऱ्हाईक

रत्नागिरीच्या बंदरावर आपण हाटेल काढलं ते लोकसेवेसाठी, असं गुणाजी सांगायचा. खरं कारण सगळ्या बंदराला ठाऊक होतं. गुणाजीला बोट लागायची. बाप तांडेल, आजा तांडेल, थोरला भाऊ दादू तांडेल, आणि ह्या कुलदीपकाचं पोट पडाव नुसता हलला की ढवळायला लागायचं. मुंबईची आगबोट लांब पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणायचं काम दादूकडे होतं. गुणाजीने वल्हं हातात धरून घराण्याची अब्रू राखायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण एके दिवशी गिरगावातल्या एका बाईंच्या नव्या छत्रीत त्याने सकाळची सगळी पेज ओकली, तेव्हा दादूनेच त्याला पडावावरून उतरवलं.

"काढ तुजं हाटेल," दादू म्हणाला. "पाऊस लागेपर्यंत चाललं तर तुजं नशीब. नाय चाललं तर गुमान परत यायचं नि वल्हं धरायचं. ओकायचं तर दर्यात ओक. दर्या मोठा हाय."

दादूचा शब्द म्हणजे घरात कायदा. गुणाजी त्या दिवसापासून जीव मुठीत धरून चहा उकळू लागला.

पण समोरच हुसेनचं हाटेल होतं, आणि तेही आधीपासूनचं. मुंबईची मंडळी हवा पालटायला, थिबा राजाचा वाडा बघायला, गणपतीपुळ्याला जायला म्हणून उतरायची आणि सरळ हुसेनकडे शिरायची. त्याची बायको हफीजा घरून सांदणं करून पाठवी. ती चांगली असत, हे गुणाजी मेला तरी कबूल करणार नव्हता. आणि त्याची स्वतःची बायको कमळा जे जाळीदार घावणे काढायची, त्यांना तोड नव्हती. मग गिऱ्हाईक तिकडे का? गुणाजीने रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि शोध लावला, की हुसेनकडे वेताच्या खुर्च्या आहेत.

गुणाजीने वेताच्या खुर्च्या आणल्या. हुसेनकडे आरसा होता, गुणाजीने त्याच्या दुप्पट आरसा टांगला. हुसेनकडे फोनो वाजायचा, गुणाजीने कर्ण्याचा फोनो आणला आणि कर्णा रस्त्याकडे तोंड करून ठेवला. आता समोरासमोर दोन गाणी एकदम वाजू लागली आणि बंदरावरचे कुत्रे तेवढे गाव सोडून गेले.

मग त्याला खरी अक्कल सुचली. उतारू किनाऱ्याला आणतं कोण? आपलेच भाऊबंद. म्हणून त्याने दादूच्या सगळ्या खलाशांना च्या फुकट केला, आणि बदल्यात एकच मागितलं, की उतरलेला माणूस आपल्या दारात आणून सोडायचा. खलाशांनी भावकीसाठी एवढा त्याग करायचं मोठ्या जड अंतःकरणाने मान्य केलं.

शब्दाला ते पक्के निघाले. प्रत्येक पावण्याला, त्याच्या बोचक्यासकट, त्यांनी गुणाजीच्या पायरीपर्यंत आणलं. आणि मग पावण्याच्या आधी आत शिरून सगळ्या खुर्च्यांवर बसले. त्यांच्या घरांतली रीतच होती. दर्यातून ओल्या अंगाने वर आलेल्या माणसाला उभं ठेवायचं नाही, त्याला आधी बसवायचं, आधी गरम द्यायचं. गुणाजीच्या बापाने पाळली, आज्याने पाळली, आणि ह्या शहाण्याने ती घरातून उचलून हाटेलात आणून ठेवली. खलाशी कमरेपर्यंत भिजलेले बसत, बशीत च्या ओतून फुंकत, मोठ्या आरशात भांग पाडत आणि फोनोवर एकच लावणी परत परत लावायला सांगत. सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर दादू. मुंबईकर पायरीवरून आत डोकावत, नाकाला रुमाल लावत आणि रस्ता ओलांडत. पलीकडे हुसेन म्हणे, "या, बसा."

"अवो, गिऱ्हाईक बसणार कुठं? तुमच्या डोक्यावर?" कमळा म्हणाली.

"तसं नाय. हुसेनने नवीन कपबशा आणल्यान," गुणाजी म्हणाला.

कमळाने कपाळाला हात लावला आणि न खपलेले घावणे शेजारच्या सखूच्या गुरांना घातले. त्या हंगामात सखूची गुरं चांगलीच बाळसं धरू लागली.

वैशाख सरत आला. आणखी थोड्या बोटी, की मग पाऊस, की मग वल्हं. गुणाजीला झोपेतसुद्धा मळमळायला लागलं. आणि अशात एका सकाळी मोठी पार्टी उतरली. दादरचं एक अख्खं बिऱ्हाड, पोरंबाळं, म्हाताऱ्या, पुढे टोपीवाले काका. खलाशांनी सगळ्यांना पायरीपाशी आणलं, आणि नेहमीप्रमाणे आत जाऊन बसले. काकांनी आत पाहिलं, हुसेनकडे पाहिलं, आणि छत्रीने सगळ्यांना तिकडे वळायची खूण केली.

गुणाजी चुलीपासून उठून दादूच्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

"दादू, ऊठ," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"ऊठ. सगळेच उठा. पावण्यांना बसायला जागा द्या."

लावणी चालू होती, ती चालूच राहिली. दादूने बशीतला च्या परत कपात ओतला. कप खाली ठेवला. तो उठला तसे सगळे उठले, आणि एकामागून एक रस्ता ओलांडून हुसेनच्या हाटेलात जाऊन बसले.

हुसेनला आधी वाटलं, अल्लाने छप्पर फाडून दिलं. चार दिवसांत कळलं, की छप्पर नुसतंच फाटलंय. खलाशी तिथे रोकडे पैसे मोजून च्या प्यायचे, पण एकदा बसले की भरती ओसरेपर्यंत उठायचे नाहीत. मुंबईकर तिकडे डोकावायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि रस्ता ओलांडून गुणाजीकडे यायचे. कमळाचे घावणे पुरेनासे झाले. सखूची गुरं रोडावली.

"गुणाजीभाऊ, तुमची माणसं परत न्या," हुसेन एका दुपारी येऊन म्हणाला. "हवा तर माझा आरसापण न्या."

गुणाजी पोटभर हसला. संध्याकाळी कमळा थोरल्या जावेकडे जाऊन आली आणि म्हणाली, "भावजींनी पडावावर तुमच्या जागी भावकीतल्या एका पोराला घेतलंय. कायमचा." म्हणजे सुटला. दर्या सुटला, वल्हं सुटलं. गुणाजीने खरं तर नाचायला हवं होतं. त्याच्याच्याने पानातला भात संपवेना. दादूने आपल्याला टाकलं, हे त्याच्या मनाला फार लागलं.

शेवटच्या बोटीच्या दिवशी दादू आला. अंगावर कोरडा, धुतलेला सदरा. पावण्यांमधल्या एका खुर्चीवर नीट बसला.

"मालक, एक च्या," तो म्हणाला.

गुणाजीने स्वतः च्या नेला, वर घावणा आणि नारळाचा रस.

"मी च्या सांगितला," दादू म्हणाला. त्याने घावणा बाजूला सारला, च्या प्याला, आणि टेबलावर एक आणा ठेवला.

"दादू, ते उचल."

"हाटेलात च्या घेतला की पैसे देतात. हुसेनकडं शिकलो."

शेजारच्या टेबलावरचं मुंबईचं जोडपं वळून बघायला लागलं. गिऱ्हाइकांपुढे तमाशा नको म्हणून गुणाजीने तो आणा उचलला आणि गल्ल्यात टाकला.

दादू उठला, सदरा खाली ओढून सारखा केला.

"चाललं तुजं हाटेल," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.