अकरा नंबरचे बूट

माणूस खोटं बोलेल, रजिस्टर बोलणार नाही, अशी कारखान्याचे स्टोअरकीपर भालचंद्रराव यांची श्रद्धा होती. दरवर्षी कामगारांना सेफ्टी शूज मिळत, आणि कोणाचा पाय केवढा हे भालचंद्ररावांना बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ असे.

म्हणूनच क्रेन चालवणारा दिगंबर खिडकीशी येऊन "अकरा" म्हणाला, तेव्हा त्यांची भुवई चढली.

"पाच वर्षांपूर्वी आठ. मग नऊ, मग दहा. बेचाळिसाव्या वर्षी पाय वाढतात होय रे? कारखान्याचे बूट कोणाला घालतोस, मेव्हण्याला?"

रांगेतले हसले. दिगंबरला मात्र घाम फुटला. "रिपोर्ट करू नका, भालचंद्रराव. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल. पोरीची बारावी आहे." बूट काखोटीला मारून तो वळला आणि उघड्या दाराच्या कडेवर धाडकन आपटला.

चोराचं लक्ष कुठं ठिकाणावर असतं!

संध्याकाळी बरखेड्याच्या कामगार वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये भालचंद्ररावांनी दिगंबरविरुद्ध लिहिलेला रिपोर्ट बायकोला, उषाताईंना, ऐटीत वाचून दाखवला. उषाताई कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गेल्या महिन्यात त्याची बोटात रुतलेली अंगठी मीच कापून काढली, आणि मी मठ्ठ, सूज म्हणाले! जबडा पुढे आलाय, आवाज घोगरा झालाय... अहो, चोर कसला? आजारी वाटतोय तो!"

"पाय वाढण्याचा आजार?"

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या वर हायपोथॅलॅमस. त्याचा हुकूम आला की तिनं हार्मोन सोडायचं. वाढीचं, थायरॉइडला चालवणारं, अशी कितीतरी. पुरे म्हटलं की थांबायचं."

"इंडेंटशिवाय, म्हणजे मागणीपत्राशिवाय, माल सोडायचा नाही. बरोबर आहे."

"आणि इंडेंट नसताना सुटतच राहिला तर?"

"बोंबाबोंब!"

"ग्रंथीवर गाठ आली की तसंच होतं. या वयात उंची वाढत नाही, हातपाय, जबडा वाढतो. गाठ वर सरकली की नजरेच्या नसा दबतात. समोरचं दिसतं, बाजूचं नाही."

भालचंद्ररावांच्या बशीत चहा सांडला. दिगंबरची क्रेन वीस टन उचलते! आणि तिच्या खालून ते रोज जातात!

दोघं तडक दिगंबरकडे गेले. उषाताईंनी त्याला समोर बघायला सांगून त्याच्या कानाजवळ बोटं हलवली. "माझा हात दिसतो का, भाऊ?"

"कुठला हात?"



"बाजूचं दिसत नाही, हे ठाऊक होतं मला," दिगंबर पुटपुटला. "सांगितलं असतं तर अनफिट केलं असतं. रोज देवाचं नाव घेऊन हँडल धरतो, ताई. खाली कोणी आलं तर... या भीतीनं जेवण जात नाही."

"आणि मी तुला चोर म्हटलं!" भालचंद्ररावांनी रिपोर्ट फाडला. दुसऱ्या कागदावर त्याच्या बुटांचे पाच वर्षांचे नंबर उतरवून दुसऱ्या दिवशी दिगंबरला स्वतः डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत ग्रंथीची जागा फुगलेली दिसली. मुंबईला नाकावाटे ऑपरेशन झालं. तोवर आणि नंतरही भालचंद्ररावांनी साहेबांच्या केबिनच्या इतक्या खेपा घातल्या, की दिगंबरला क्रेनऐवजी जमिनीवरचं काम मिळालं आणि क्वार्टर टिकलं.

पुढल्या वर्षी तो खिडकीशी आला, तेव्हा भालचंद्ररावांनी आधी त्याच्या पायांकडे वाकून पाहिलं.

"नंबर?"

"अकराच."

"नक्की? बोटं चेपत नाहीत ना?"

"अकराच, भालचंद्रराव! एवढं काय घाबरता?"

त्यांनी अकरा लिहिलं आणि डोळे पुसले.

वाचकहो, ओळखीचा माणूस बदललेला दिसला, की आपल्याला आधी त्याची लबाडी सुचते. आधी विचारा, "बरं आहे ना?" आणि ज्याला बरं नाही, त्यानं पोटापायी ते लपवू नये; त्याच्या क्रेनखालून आपली माणसं जात असतात!