मुठीचं माप

"बाबा, पुढच्या महिन्यात आठवडाभर जंगलात जायचंय. चाकू तुम्हीच निवडून द्या," लेक फोनवर म्हणाली, आणि मी हुरळून गेलो. माझी उभी हयात वनखात्यात, जंगलातली झाडं मोजण्यात गेलेली. तिची आई गेल्यापासून मात्र मी कुठे गेलो नव्हतो आणि कुणी विचारलंही नव्हतं. संध्याकाळीच माळ्यावरचे बूट काढून तेल लावून ठेवले.

दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने आधी चकचकीत माल पुढे केला. पात्याला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र!

"हे भिंतीवर लावा," मी म्हणालो. लेक हसली.

घडीचे चाकूही मी बाजूला सारले. लाकूड फोडताना आधी सांधाच दगा देतो. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेले तेवढे ठेवले आणि डोळे मिटून एकेक हातात धरला. एक असा बसला, की मी तिथल्या तिथे कामंसुद्धा वाटून टाकली. सकाळचा चहा माझ्याकडे, शेकोटी माझ्याकडे.

"हाच घे. मूठ अगदी मापात आहे."

तिने चाकू उलटसुलट करून पाहिला. "पण बाबा, सासऱ्यांचा पंजा तुमच्यापेक्षा मोठा आहे. त्यांना पुरेल ना? ते निवृत्त झाले ना, म्हणून आम्ही सगळे त्यांना घेऊन चाललोय."

मला राग आला, पण तो काढायचा कुणावर? तुम्हीही चला, असं ती कधी म्हणालीच नव्हती. मनातले मांडे माझे मीच खाल्ले होते. 'पुरेल' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्यांच्या तळव्याला फोड आले असते, आणि खरं सांगतो, क्षणभर त्या विचाराने बरं वाटलं.

मग मी चाकू तिच्या हातातून काढून घेतला. "नाही पुरणार. ओला हात पात्यावर घसरला तर बोटं जातील."

लग्नात व्याह्यांनी माझा हात हातात घेतला होता, तेव्हा माझी बोटं दिसेनाशी झाली होती. तो अंदाज धरून जाड, लांब मुठीचा चाकू निवडला. म्यान सैल होतं, ते दुकानदाराला बदलून द्यायला लावलं.

"तुम्ही होतात म्हणून बरं झालं," लेक म्हणाली. "तुम्हाला काही घ्यायचंय का?"

"नको गं. घरी भाजीची सुरी आहे. एकट्याला तेवढी पुरते."