सूपवाले बर्क

डेलियाने वडिलांचे काळे बूट उचलले, कपडे धुण्याच्या मशीनमागे टाकले आणि वर एक मळकी चादर फेकली. बुटांशिवाय म्हातारा घराबाहेर पडणार नाही, असा तिचा हिशेब होता. रविवारची प्रार्थना असो की शेजारचं मयत, पॉलिश केलेले बूट घातल्याशिवाय फेस्टी बर्क उंबरठा ओलांडत नसे.

थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात आला. अंगात ठेवणीतला सूट, गळ्यात टाय आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट. गमबुटांना गोठ्यातलं शेण तसंच होतं.

"निघायचं?"

"हे घालून?"

"दुसरे सापडेनात. तुला कुठे दिसले?"

"मी काय बुटांच्या राखणीला बसलेय?"

"मग चल. उशीर झाला की सिनेमाला मागे बसावं लागतं."

एरवी डेलियाला हसू आलं असतं, आज संताप आला. जन्मभर हा माणूस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. आणि आज, तोंड लपवून घरी बसायच्या दिवशी, याला पुढची खुर्ची हवी.

गावात बर्क आडनावाची चार घरं होती, म्हणून प्रत्येकाच्या नावाला शेपूट होतं. पुलावरचे बर्क, भट्टीवाले बर्क, तांबडे बर्क आणि हे सूपवाले बर्क. आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात शेतातला बटाटा शेतातच सडला तेव्हा फेस्टीच्या पणजोबाने एक हिवाळा आपली पोरं परक्या पंथाच्या पाद्र्यांच्या शाळेत पाठवली. तिथे पंथ बदलला की घरादाराला सूप मिळे. थंडी सरली तसं ते कुटुंब आपल्या चर्चमध्ये परत आलं. देवाने त्यांना पदरात घेतलं असेल, गावाने मात्र घेतलं नाही. पिढ्या गेल्या, विमानं आली, तरी शाळेत पोरी डेलियाला 'बाटगी' म्हणत. त्यांच्या घरात सूप कधी शिजलंच नाही, आजारपणातसुद्धा. ताप आला की दुधात कुस्करलेला पाव मिळे, आणि का म्हणून कुणी विचारत नसे.

मागच्या शरद ऋतूत सिनेमावाले आले. सिनेमा त्याच दुष्काळावरचा. अर्ध्या गावाने चिंध्या घालून त्यात गर्दीचं काम केलं, फेस्टीनेही केलं. काय केलं ते त्याने घरी सांगितलं नाही. ते तिला काल दुकानात पीडर जॉइसकडून कळलं, तेही चारचौघांत. "बापाला विचार कुठल्या रांगेत उभा होता," तो म्हणाला. "घरची वाट बरोब्बर सापडली त्याला."

गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा तिने विचारलंच.

"बाबा, सिनेमात मयताची गर्दी होती, बाजाराची होती, घरं पाडतात तिथली होती. तुम्हाला नेमकी तीच रांग सापडली?"

"तिथे कुणी उभं राहीना." फेस्टी काचेबाहेर बघत होता. "ती सिनेमातली पोर हाका मारून दमली. सूपच्या रांगेला माणसं हवीत, माणसं हवीत. आणि गाव सगळं जमिनीकडे बघतंय. तिला बिचारीला काय कळणार? डब्लिनची ती. मी उभा राहिलो, मग बाकीची रांग तिने आपल्याच माणसांनी भरली."

"म्हणून तिच्यासाठी तुम्ही आमचं नाक कापलंत."

"तुझं नाक आहे जागेवर. आजीचं नाक आहे ते, कापलं तरी उरेल."

डेलियाने गिअर इतका जोरात टाकला की गाडी कण्हली.

चर्चचं सभागृह भरलं होतं. सिनेमा शहरात लागण्याआधी गावाला दाखवायचा असा शब्द त्या लोकांनी दिला होता आणि तो पाळला होता. दाराशी चहाच्या टेबलावर पीडरची बायको नोनी कप मांडत होती. पीडर दुसऱ्या रांगेत पाय पसरून बसला होता. त्याने गमबूट पाहिले.

"काय रे फेस्टी, शूटिंगवरून थेट आलास होय?"

"हो. जेवण चांगलं होतं, थांबलो," फेस्टी म्हणाला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

दिवे मालवले. नायक फौजेतून घरी येतो, आई उपाशी मेलेली, भावाला फासावर दिलेलं. तो कुऱ्हाड उचलतो. त्यानंतर डेलियाला आठवेल तितकं फक्त रक्त होतं. जमीनदाराचा कारभारी गेला, दोन शिपाई गेले, घरं पाडणारा मुकादम गेला. प्रत्येक घावाला सभागृहातून हुंकार येत होता, जणू इथला प्रत्येक जण घरी दाराआड कुऱ्हाड ठेवून आला होता. नायकाच्या पोटात कित्येक दिवस अन्न नव्हतं असं सिनेमाच सांगत होता, आणि तरी तो भिंती ओलांडून धावत होता. डेलियाच्या आईला शेवटच्या आजारात अन्न जाईना, तेव्हा तिला चमचा उचलवत नव्हता. चमचा. आणि हा कुऱ्हाड फिरवतोय. तिला उठून सिनेमा बंद करावासा वाटला. पडद्यावर स्वाभिमानी माणसं उपाशी राहून पटापट मरत होती आणि मारणारा तेवढा जगत होता. मग या खुर्च्यांवर बसलेले आपण सगळे आलो कुठून? आकाशातून पडलो?

मग ते अंगण आलं. मधोमध चुलाण्यावर मोठा हंडा, बाजूला पुस्तक हातात धरलेला पाद्री आणि हंड्यासमोर रांग. डेलियाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. मागे कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसलं.

नायक फाटकातून आला. काही न बोलता त्याने हंड्याला लाथ घातली. सूप अंगणभर पसरलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, पीडरने शीळ घातली. कुऱ्हाड वर गेली, पाद्री पडला, आणि आरोळ्या ठोकत सगळी रांग नायकामागे फाटकाकडे धावली. पडदाभर नायकाचा रक्ताळलेला चेहरा होता.

त्याच्या खांद्यामागे, अंगणाच्या कोपऱ्यात, एक माणूस धावला नव्हता. अंधुकच दिसत होता. डेलियाने आधी पाठ ओळखली. तो माणूस खाली बसत होता. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग हळूच जमिनीवर, रोज सकाळी चूल पेटवायला बसतो तसा. त्याने पत्र्याचा मग आडवा धरला आणि तळहाताच्या कडेने सांडलेलं सूप त्यात ओढून घेतलं. घाई नाही, लाज नाही. एकदा, दोनदा, मग पुन्हा. उठून त्याने तो मग शेजारी शाल पांघरून उभ्या असलेल्या कुणाला तरी दिला. तेवढ्यात दृश्य बदललं.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढून विरत मागे गेल्या, पीडरच्या मात्र सगळ्यात शेवटी. पुढे आणखी बरीच माणसं मेली, पण आता कुणी हुंकार दिला नाही. डेलियाला तर काही दिसतच नव्हतं. शेजारी फेस्टी हाताची घडी घालून बसला होता आणि त्याच्या गमबुटांचा वास येत होता.

दिवे लागल्यावर सगळे चहाभोवती जमले. हवेचं बोलून झालं, बटरच्या पावाचं बोलून झालं. मग पीडर कप घेऊन फेस्टीजवळ आला.

"तसं करायला त्यांनी सांगितलं होतं का रे तुला?"

"नाही. पळा म्हणाले. माझे गुडघे कुठे पळतात आता. आणि एवढं सांडलेलं. ते टाकून जायचं कसं?"

"रक्त बोलतं म्हणतात ते हे," पीडर आजूबाजूला बघत म्हणाला. "हंडा पालथा झाला तरी सूपवाल्यांना सूपच दिसतं."

दोघंतिघं हसले. डेलियाने कप खाली ठेवला. शाळेपासून साठवलेलं सगळं आज एकदम बाहेर येणार होतं. ते कुठून सुरू करावं एवढंच तिला ठरवायचं होतं.

"मग आपलंही बोललं म्हण की," नोनी म्हणाली. तिच्या हातात किटली होती.

"काय आपलं?"

"ती शालवाली मी होते."

पीडर तिच्याकडे बघत राहिला. "तू तर मयतात होतीस."

"मयतात होते असं तुला सांगितलं. त्या रांगेत फेस्टी एकटा उभा होता, पीडर. सगळं गाव बघतंय आणि हा एकटा. मला नाही बघवलं. शाल पुढे ओढली आणि गेले." तिने किटलीचं झाकण नीट बसवलं. "पत्र्याचा मग भरला आणि त्याने आधी मला दिला. मी प्यायले. गार झालं होतं, वाळू कचकचत होती. सकाळपासून उभी होते, पोटात काही नव्हतं. चांगलं लागलं."

कुणी हसलं नाही. नोनीने नवऱ्याचा कप काठापर्यंत भरला आणि पुढच्या माणसाकडे वळली. पीडर त्या कपाकडे बघत राहिला, मग पोळेल इतका गरम चहा तसाच प्यायला.

डेलियाचं सगळं तोंडातच राहिलं. दुसऱ्या कुणीतरी ते एवढ्या थोडक्यात संपवावं, याचाही तिला थोडा रागच आला.

गाडीत बसल्यावर फेस्टीने टाय सैल केला.

"बूट कुठे आहेत?"

"मशीनमागे."

"वाटलंच." त्याने बाहीने काच पुसली. बाहेर लोक पांगत होते. "डेलिया, सूप करता येतं का गं तुला?"

तिचा हात किल्लीवरच थांबला. एवढी वर्षं ती त्या घरात रांधत होती.

"नाही," ती म्हणाली. "कुणी शिकवलंच नाही."

"नोनीला विचार."

सभागृहाचं दार अजून उघडं होतं. आत नोनी एकटीच कप गोळा करत होती.

"आत्ता?"

"मग कधी? जा, मी थांबतो." त्याने गमबुटातले पाय पुढे लांब केले. "मला कुठे जायचंय हे घालून."

डेलियाने किल्ली काढली आणि ती गाडीतून उतरली.